कुंडींतील झाडांचे सूक्ष्म शत्रु

खिडकींतील तुळस, गॅलरींतील जास्वंद, बैठकीच्या खोलींतील क्रोटन यांनीं घरास शोभा येते, हें तर खरेंच. परंतु शहरांतील पुष्कळ मुलांस वनस्पतींच्या जीवनाची पहिली ओळखहि याच कुंड्यांतून होते. अशा एखाद्या झाडाचा शेंडा खुरटला, पानें वळूं लागलीं, त्यांवर चिकट थर बसला, म्हणजे घरांतील मंडळी म्हणतात, "पाणी कमी पडलें असेल." मग पाणी वाढतें, खत वाढतें, आणि झाड मात्र अधिकच खंगत जातें. खरा चोर बहुधा पानाच्या पाठीमागें लपलेला असतो. त्याची थोडीशी ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रानांतील झाड कोणाच्याहि औषधावांचून वाढतें. मग घरांतील झाडासच कीड इतकी कां पीडते? याचें उत्तर असें कीं, रानांत किडींनाहि वैरी असतात. पावसाच्या सरी पानें धुऊन काढतात आणि लहानसे ढालकिडे माव्याचे थवेच्या थवे फस्त करतात. हा वैरी नसला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण घेऊं. इ. स. २००८ मध्यें कोइमतूर येथें पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. येथें त्यास आवरणारें कोणी नसल्यामुळें तो झपाट्यानें पसरला. पुढें २०१० मध्यें प्वेर्तो रिको बेटांतून गांधीलमाशीच्या वर्गांतील एक चिमुकला परोपजीवी कीटक आणून शेतांत सोडला, तेव्हां त्याचा जोर ओसरला. घराच्या चार भिंतींत आपण झाडास आश्रय देतों. पण त्याचा पाऊस आणि त्याचे मित्र बाहेरच राहतात. त्यांचें काम अर्थातच आपल्याकडे येतें.

आतां शत्रूंकडे वळूं. पानाच्या बेचक्यांत कापसाचा कण अडकल्यासारखा दिसला, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. त्याच्या अंगावर मेणाची पांढरी भुकटी असते व तीवरून पाणी ओघळून जातें. म्हणून नुसत्या शिडकाव्यास तो दाद देत नाहीं. त्याची मादी कापसासारख्या पिशवींत शेंकडों अंडीं घालते. मावा हा टांचणीच्या डोक्याएवढा, हिरवा किंवा काळा असून कोंवळ्या शेंड्यांवर दाटीनें बसतो. उष्ण हवेंत याची मादी जिवंत पिलांनाच जन्म देते, आणि तीं पिलें आठ-दहा दिवसांत स्वतः पिलें घालूं लागतात. हे दोघेहि झाडाचा रस शोषतात व त्यांतील जादा साखर चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतात. त्या थेंबांवर काळी बुरशी वाढून पानावर काजळी धरते. त्याच गोडीसाठीं मुंग्या येतात, आणि गवळी जसा गाई राखतो, तशा त्या या किडींस राखतात. तेव्हां कुंडीवर मुंग्यांची रांग दिसतांच शेंडे तपासावे.

लाल कोळी हा खरें पाहतां कीटक नव्हेच. त्यास आठ पाय असतात. तो अर्ध्या मिलिमीटरहून मोठा नसतो व कोरड्या, उष्ण हवेंत फार माजतो. पानावर फिकट पिवळे ठिपके दिसल्यास पानाखालीं पांढरा कागद धरून पान झटकावें. कागदावरील ठिपके चालूं लागले, तर तो आला असें जाणावें. कुंडीभोंवतीं काळीं चिलटें उडत असल्यास मात्र दोष आपल्या पाणी घालण्याचा असतो. त्यांच्या अळ्या सदा ओल्या राहणाऱ्या मातींत वाढतात. वरची बोटभर माती वाळूं दिली, कीं त्या कमी होतात.

उपाय सोपे आहेत, परंतु ते क्रमानें व चिकाटीनें केले पाहिजेत. प्रथम रोगी कुंडी इतरांपासून दूर ठेवावी. फार किडलेला शेंडा कापून पिशवींत बांधून टाकावा. मग पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेनें धुवावी. मावा व लाल कोळी यानेंच पुष्कळ कमी होतात. पिठ्या ढेकणास स्पिरिटांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें टिपावें. हें काम वडील माणसानें, दिव्या-चुलीपासून दूर करावें. नंतर एक लिटर पाण्यांत सुमारें पांच मिलिलिटर सौम्य पातळ साबण मिसळून संध्याकाळीं फवारावा. आधीं एका पानावर प्रयोग करून पाहावा. साबणाचें पाणी किडीच्या अंगास लागलें तरच ती मरते. वाळल्यावर त्याचा गुण उरत नाहीं. अंडीं तर त्यांतूनहि वांचतात. यास्तव दर आठवड्यास एकदां, असें तीन-चार वेळां करावें. एकदां फवारून थांबणाऱ्यास पुढच्याच पंधरवड्यांत तीच कीड पुन्हां दिसते.

पालकांस एक विनंति आहे. झुरळांसाठीं किंवा शेतासाठीं असलेलें विष घरांतील झाडांवर मारूं नये. ज्या खोलींत मुलें निजतात, त्याच खोलींत तें विष राहतें. आणि तुळशीचीं पानें तर आपण तोंडांत घालतों. तिला पाण्यानें धुणें व हातानें कीड वेंचणें हेंच उत्तम. नत्रयुक्त खताचा अतिरेकहि टाळावा. त्यानें कोंवळी पालवी फुटून माव्यास मेजवानीच मिळते.

विद्यार्थिमित्रांनो, कुंडीस पाणी घालतांना रोज एक पान उलटून पाहण्याची संवय लावून घ्या. त्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. दहा किडे आहेत तोंवर बोट व पाणी पुरतें. हजार झाल्यावर कोणत्याहि औषधाची खात्री नसते. बोलतां न येणाऱ्या जिवाचें दुःख पाहूनच ओळखावें लागतें. आणि झाड आपण घरांत आणलें, तेव्हांच तें पाहण्याचें कामहि आपण पत्करलें.