वाटाड्या, गाइड आणि ग्रामसभा

दिवाळी संपली, भात कापणीला आले आणि हवेत गारवा उतरला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाणाऱ्या सहलींचा हंगाम सुरू होतो. बहुतेक सहली तीन-चार दिवसांच्या असतात. नागपूरहून गाडी निघते. ताडोब्यात एक-दोन सफारी होतात, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट पाहून होतो, मग मार्कंडा, आलापल्ली आणि हेमलकसा करत भामरागडच्या संगमावरून गाडी परत फिरते. वेळ असलेले लोक खाली सिरोंचापर्यंत जातात. राहणे, जेवण, गाडी आणि सोबत माहिती सांगणारा माणूस, सगळे आधी ठरलेले असते.

अशीच चार दिवसांची सहल कोकणातही निघते. पण तिथे काम निम्मे सोपे असते. घाट उतरून वळण घेतले की समुद्र आपला आपण दिसतो, तो दाखवावा लागत नाही. इथे तसे नाही. आष्टीहून आलापल्लीकडे निघालेल्या नवख्या माणसाला दोन्ही बाजूंना तासभर झाडेच दिसतात. त्यातला साग कोणता, येन कोणता, मोह कोणता, झाडांच्या मधून गेलेली पायवाट कुठल्या गावाची आणि दगडांना शेंदूर लावलेली ती जागा कोणाची, हे कोणी सांगितले तरच कळते. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतल्या प्रवासात रस्त्यापेक्षा रस्ता दाखवणाऱ्याला जास्त महत्त्व आहे. हा माणूस कोण होता, आज कोण आहे, आणि तो कोणाच्या वतीने बोलतो, हे पाहण्यासारखे आहे.

या मुलखात बाहेरच्या माणसाला आधी रस्ता नको होता, नदी हवी होती. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा मार्गाने थेट पूर्व किनाऱ्याच्या समुद्राला पोचवावा, ही एकोणिसाव्या शतकातली मोठी योजना होती. सर आर्थर कॉटन हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. वाटेत खडकांचे तीन अडसर होते. दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली येथील दोन गोदावरीवर, आणि तिसरा देवलमरीजवळ प्राणहितेवर. ते ओलांडण्यासाठी बांध आणि कालवे खणायला घेतले गेले. पण 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, कापसाला पश्चिमेची वाट मोकळी झाली आणि 1871 मध्ये हे काम सोडून देण्यात आले. सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. 1874 मध्ये तो जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन पडले. मुख्यालयापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असणे त्याच्या नशिबी आले ते तेव्हापासून. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला, तरी हे अंतर फारसे कमी झाले नाही.

तारायंत्राची माणसे त्याआधीच आली होती. 29 एप्रिल 1858 रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे त्यांच्या तळावर बाबूराव शेडमाके यांच्या माणसांनी हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर निसटला. बाबूरावांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. आजच्या सहलीत फाशीची जागा चंद्रपूरच्या टप्प्यात कधीमधी दाखवतात. चिंचगुंडीला मात्र कोणी नेत नाही.

पुढे सुरू झाले साहेबांचे दौरे. थंडीच्या महिन्यांत अधिकारी तंबू, खानसामा, कागदपत्रे आणि बंदूक घेऊन जिल्हा फिरत. या भागातली पहिली ‘मार्गदर्शकासह बहुदिवसीय सहल’ हीच म्हणायला हरकत नाही. मुक्काम हलला की सामान वाहायला आणि वाट दाखवायला गावातली माणसे धरली जात. एका गावाने पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचे, तिथून दुसऱ्यांनी उचलायचे. कोंबडी, अंडी, दूध आणि लाकूडफाटा म्हणजे रसद. मोबदला मिळे किंवा न मिळे. या पद्धतीला बेगार म्हणत आणि तिची आठवण घराघरांत बराच काळ टिकून होती. मोटार दिसली की गाव रानात पळते, असे जुने अधिकारी कौतुकाने लिहीत आणि त्याला आदिवासींचा बुजरेपणा म्हणत. त्यामागे बेगारीचा काही हात असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवलेली दिसत नाही.

एका सहलीचा उल्लेख करायलाच हवा. प्रकाश आणि विकास आमटे यांचे वैद्यकीय शिक्षण संपत आले, तेव्हा बाबा आमटे त्यांना भामरागडला फिरायला घेऊन गेले. वाट खडतर होती. गेले ते सहलीलाच, पण तिथे जे दिसले त्यातून 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. पावसाळ्यात तिथे जगाशी संबंध तुटत असे. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही पुस्तके त्याच परिसरातून आली, आणि मराठी वाचकाच्या मनातला भामरागड बराचसा त्यांनी घडवला. आज लोक हेमलकशाला जातात ते बहुधा ही पुस्तके वाचून किंवा प्रकाश आमट्यांवरचा चित्रपट पाहून. दवाखाना आणि शाळा या ‘पाहण्याच्या’ जागा नाहीत, ही अडचण तिथल्या लोकांना रोज सांभाळावी लागते.

ताडोब्याचा गाइड ही या सगळ्यापेक्षा वेगळी आणि नवी गोष्ट आहे, म्हणून तिच्याशी थोडे थांबू. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, 1955 चे. पुढे अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर सुमारे 625 चौरस किलोमीटर, बफर सुमारे 1,100. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशी प्रवेशद्वारे आहेत. सकाळी एक फेरी, दुपारी एक. मंगळवारी सुट्टी, आणि पावसाळ्यात कोअर बंद. प्रत्येक जिप्सीत गाइड सक्तीचा असतो आणि तो बहुधा गेटजवळच्याच गावचा असतो. आता त्यात बायकाही आहेत. ज्या पायवाटेने आई सरपण आणायला जायची तिच्याच कडेच्या रस्त्यावर मुलगी खाकी कपड्यांत पाहुण्यांना जंगल सांगते. तिचे शुल्क ठरलेले आहे, वेळ ठरलेली आहे. बेगारीच्या शेजारी ठेवून पाहिले की हा बदल केवढा आहे ते समजते. प्रवेशशुल्काचे पैसे व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानात जमा होतात आणि त्यातला काही वाटा बफरमधल्या गावांच्या कामांना जातो.

गाइडची खरी विद्या डोळ्यांपेक्षा कानांत असते. चितळाचा कॉल फसवा असू शकतो, ते पान हलले तरी ओरडते. सांबराचा कॉल आला तर गाडी थांबवावी. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला पाहत खाकरत असेल तर वाघ चालत आहे, आणि आवाज जागा बदलत नसेल तर तो बसला आहे. धुळीतल्या पंज्याची कड अजून ढासळली नसेल तर ठसा पहाटेचा. पण हे ऐकायला बसलेल्या सहा जणांना बहुधा एकच गोष्ट हवी असते. माया, मटकासुर, वाघडोह अशी वाघांची नावे पर्यटक येताना पाठ करून येतात. वाघ दिसला नाही तर गाइडचे तोंड उतरते, जणू चूक त्याचीच. वाघाभोवती गाड्यांचा गराडा पडतो तो याच दडपणातून. नियम मोडला तर शिक्षा गाइडला आणि चालकाला होते, आग्रह धरणारा पाहुणा संध्याकाळी रिसॉर्टवर असतो.

ताडोबा हे नाव तारू या गोंड पुरुषाचे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि तळ्याकाठी त्याचे ठाणे झाले, अशी कथा आहे. पौषात तिथे यात्रा भरत असे. उद्यान झाल्यावर तिच्यावर बंधने आली. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही कोअरमधली गावे एकेक करून बाहेर बसवली गेली. काही कुटुंबांना मोबदला पटला, काहींना नाही. पर्यटकाला त्या जागी आता गवताचे मोकळे मैदान दिसते आणि त्यात चरणारी चितळे. हे पूर्वी शेत होते, हे सांगायचे की नाही, हे गाइडवर असते. विचारले तर तो सांगतो. आपणच बहुधा विचारत नाही.

आणि एक गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये, वाघ पाण्यावर हमखास दिसतो म्हणून सफारीला गर्दी असते, तेव्हाच मोहफुले पडतात. ती पहाटे वेचावी लागतात, वाकून, झाडाखाली, एकट्याने. पुढे तेंदूपत्ता. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात जी माणसे जातात त्यांत या कामाला गेलेली बरीच असतात. एकाच पहाटे, एकाच रानात, एक माणूस वाघ दिसावा म्हणून पैसे देतो आणि दुसरा दिसू नये म्हणून तारूला हात जोडतो. गाइडच्या घरात हे दोन्ही असते.

ताडोबा सोडून मूल, चामोर्शीकडे निघाले की सक्तीचा गाइड संपतो आणि चालक हाच मार्गदर्शक होतो. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, त्या वळणावर देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आले होते. मुख्य देवळाचे शिखर त्याच्या बऱ्याच आधी वीज पडून कोसळले होते. या देवळांना ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. तसे म्हणण्यात आपलाच कमीपणा आहे, असे मला वाटते. नदीच्या पात्रात उतरून उलट वळून पाहिले तर तुलनेची गरज उरत नाही.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्यावर ‘वनवैभव’ आहे. 1953 पासून जवळपास 6 हेक्टर जंगल कुऱ्हाडीपासून राखले गेले आणि 2014 मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले जैविक वारसा स्थळ ठरले. सागाची सरळसोट खोडे पाहताना मान दुखते. या दोन जिल्ह्यांचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांनाही गेला. कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे. लाकूड ओढण्यासाठी आणलेल्या हत्तींची पुढची पिढी तिथे राहते. 2022 मध्ये हे हत्ती गुजरातला न्यायची गोष्ट निघाली तेव्हा लोकांनी विरोध केला. हत्ती गेले तर पाहुणे कशाला येतील, हा त्यांचा एक साधा मुद्दा होता. याच रस्त्यांवर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. सहलीच्या पत्रकात ते नसतात, पण दिवसभरात वाघापेक्षा तेच अधिक दिसतात.

सिरोंच्यात भाषा बदलते, तेलुगू कानावर येते. शेजारच्या कोटा गावावरून भूगर्भशास्त्रात एका खडकथराला नाव मिळाले आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या जीवाश्मांचा अभ्यास केला. त्याच थरात, प्राणहितेच्या पलीकडच्या तीरावर, बारापासॉरस टागोराय या अवाढव्य डायनोसॉरची हाडे सापडली. वडधमला जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेली झाडाची खोडे हात लावून पाहता येतात. समुद्र नसला तरी सोमनूरला गोदावरी आणि इंद्रावतीचे एकत्र आलेले पाणी पाहताना माणूस गप्प होतो.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात. इथवर आलेला पाहुणा हमखास विचारतो, गोटुल दाखवता का? व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या घोटुलवरचा ग्रंथ 1947 मध्ये निघाला. पुढे त्याचे दहाव्या हातचे चटकदार सार पसरत गेले आणि त्यातून हे कुतूहल आले. माडियांचे गोटुल म्हणजे गावाची बैठकीची, पाहुण्याला उतरवण्याची, निवाड्याची जागा. चालक बाहेरचा असेल तर तो गाडी थेट तिथे नेऊन उभी करतो. गावचा माणूस सोबत असेल तर आधी गायता किंवा पाटलाला विचारतो, आणि तो नाही म्हणाला तर गाडी पुढे जाते.

ही विचारण्याची पद्धत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने पक्की केली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जंगल पाहायला, अभ्यासायला बाहेरची माणसे येतात ती ग्रामसभेला कळवून. तिथे पाहुण्याला वाघ दाखवत नाहीत. बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा, पैसे कुठे जमा होतात, हे सांगतात, आणि सांगणाऱ्याला ते स्वतः ठरवल्यासारखे माहीत असते, कारण त्याने ते ठरवलेले असते. ज्या गावांना असा हक्क मिळाला आहे तिथे पाहुण्यांचे दर आणि नियमही ग्रामसभेने का ठरवू नयेत? व्याघ्र प्रकल्पाचे गेट आणि ग्रामसभा यांत गाइडने कोणाचा माणूस व्हायचे, हा येत्या काही वर्षांतला प्रश्न आहे.

या हंगामात जाणार असाल तर शेवटची रात्र हॉटेलात घालवू नका. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. दिवसा शंकरपट, रात्री दहानंतर पडदा उघडतो तो पहाटे मिटतो. या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आज प्रयोग कुठे आहे हे पत्रकात सापडणार नाही. चहाच्या टपरीवर विचारावे लागते. कोणीतरी मोटारसायकल काढतो, म्हणतो, माझ्या मागे या, आणि धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्याने लाल दिवा दाखवत पुढे निघतो.