गुत्तीचा निळा कोळी

एके सकाळी डबीत दोन कोळी दिसतात. एक पाय आखडून निपचित पडलेला, दुसरा ओलसर, मऊ, अंग ताणत बसलेला. पहिल्यात जीव नसतो. ती पाळलेल्या टॅरंटुलाने, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याने, टाकलेली कात असते. आठही पाय, सुळे, डोळ्यांवरची पारदर्शक भिंगे तर त्या पोकळ अंगावर असतातच, पण घशाचे आणि फुप्फुसांचे अस्तरही त्यासोबत बाहेर आलेले असते. एवढे सगळे कोळ्याने स्वतःतून ओढून काढले, तेही बहुधा पाठीवर उताणे पडून.

पाळणारे या कातेची महिनोन्‌महिने वाट पाहतात, कारण लहान कोळी नर की मादी हे तिच्यावरून कळते. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात ती मऊ करायची, पोटाची बाजू अलगद उलगडायची आणि भिंग धरायचे. मादी असेल तर वीर्य साठवायच्या पिशवीचे अस्तर तिथे दिसते. त्याचा अर्थ मला फार विलक्षण वाटतो. अस्तर गेले म्हणजे साठवलेले वीर्यही गेले! कात टाकलेली मादी पुन्हा कुमारिका होते. तुटलेला पायसुद्धा काही काता टाकल्यावर पुन्हा उगवून येतो.

जगभरच्या हौशी लोकांच्या डब्यांत असा एक कोळी आहे की त्याची कातही निळी दिसते. पोसिलोथेरिया मेटॅलिका हे त्याचे शास्त्रीय नाव. १८९९ मध्ये रेजिनाल्ड पोकॉक यांनी ते दिले, तेव्हा त्यांच्यापुढे एकच नमुना होता, गुत्तीच्या रेल्वे आवारातल्या लाकडांत सापडलेला. मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, ती हीच. आज ती आंध्र प्रदेशात आहे. त्यानंतर शंभर वर्षे हा कोळी कुणा अभ्यासकाला दिसला नाही. बहुधा तो मुळात गुत्तीचा नव्हताच, लाकडांबरोबर आगगाडीने आलेला पाहुणा होता. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला तो तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या पानझडी जंगलात. तेव्हा ठाऊक झालेले त्याचे सारे घर शंभर चौरस किलोमीटरहून कमी होते. २००८ पासून आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याचाच एक भाऊबंद, पोसिलोथेरिया रेगॅलिस, आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलीत राहतो. तो मात्र राखाडी, सालीवर बसला तर सालच वाटावा असा.

मग गुत्तीच्या कोळ्याला निळाई कशाची? कुठल्याही रंगद्रव्याची नाही. त्याच्या लवेतल्या अतिसूक्ष्म रचना प्रकाशातला निळा तेवढा परत फेकतात. म्हणून तर ती निळाई निर्जीव कातेवरही टिकते. टॅरंटुलांना धड दिसत नाही, मग हा साज कुणासाठी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१५ च्या एका अभ्यासाने निळा रंग टॅरंटुलांमध्ये निदान आठ वेळा स्वतंत्रपणे उगवला असे मांडले. २०२० च्या दुसऱ्याने तो पूर्वजांपासूनच असावा असे सांगितले आणि या कोळ्यांच्या शरीरात रंग ओळखणारी प्रथिने तयार होतात हेही दाखवले. म्हणजे त्यांना एकमेकांची निळाई दिसत असेलही.

डबीतल्या संसाराला फार काही लागत नाही. उभी उंच डबी, तिरपी ठेवलेली झाडाची साल, पाण्याची वाटी, आठवड्याला एखादा रातकिडा. काळजी घ्यायची ती कात टाकायच्या दिवसांत. तेव्हा डबीत जिवंत रातकिडा राहू द्यायचा नाही, कारण कोळी इतका मऊ झालेला असतो की भक्ष्यच त्याला कुरतडेल. कात टाकल्यावर सुळेही आधी मऊ, पांढरे असतात, मग तांबडे होतात, मग काळे. याला हातावर खेळवण्याचा मोह कुणी धरू नये. तो विजेसारखा पळतो, आणि चावला तर स्नायूंत गोळे येतात, ते कित्येक दिवस छळतात. मादी साधारण बारा वर्षे जगते. नर वयात आला की त्याचे आयुष्य झपाट्याने सरते, पाळणाऱ्याकडे कितीही माया असली तरी.

भारतातून वन्यप्राणी बाहेर नेण्यास बंदी आहे. तरी पुन्हा शोध लागल्यावर थोड्याच वर्षांत हा कोळी युरोप-अमेरिकेत पोहोचला, आणि आज तिथल्या डब्यांत जन्मलेली पिल्ले उघड विकली जातात. २०१९ मध्ये या अख्ख्या प्रजातीगटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियमांखाली आला. तिकडे नंद्यालजवळच्या जंगलात सरपणासाठी आणि लाकडासाठी झाडे तुटतात. या कोळ्याला हवी असते मोठी ढोल, आणि ढोल पडते ती म्हाताऱ्या झाडाला.