घर घेण्याआधी ओल पाहा

घर घेण्यात जन्माची कमाई जाते. म्हणून नुसता नवा रंग पाहून भुलू नका. रंगाखाली ओल लपते.

अकोल्याकडची जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्याबरोबर पाया हलतो, भिंतीला तडा जातो. तड्यातून पाणी शिरते. पूर्णा नदीच्या काठचा मुलूख तर खारपाणपट्टा. दिव्याची वात तेल ओढते, तशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते. पाणी सुकते, खार मागे राहतो. त्याने गिलावा सुटतो. यालाच लोणा म्हणतात. वरून चुना मारला, तरी लोणा पुन्हा फुटतो.

मग काय पाहावे? भिंतीच्या खालच्या भागावर बोटाने ठोका. पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटला समजा. कपाट सरकवून मागे पाहा. कुबट वास येतो का? चौकट खाली कुजली आहे का? छताला डाग आहेत का?

शेजाऱ्यांनाही विचारा. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचा पूर अकोला शहरातल्या वस्त्यांत शिरला होता. "भाऊ, इथं पाणी कुठवर आलं होतं?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

ओल दिसली तर आधी गवंड्याला दाखवा. दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तसे सांगतो. म्हणून त्याला स्पष्ट विचारा. त्याचे उत्तर इसारपावतीत लिहून घ्या.

आणि सही करण्याआधी ती पावती स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते!