खोलीची खोली

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या कुणालाही पर्स्पेक्टिव्ह म्हटलं की एकच चित्र आठवतं. दूर जाणारे रेल्वेचे रूळ, कडेला लहान लहान होत जाणारे विजेचे खांब आणि मधोमध एक ठिपका. तेवढ्या शिदोरीवर मुलं इंटिरियर शिकायला येतात, मनातली खोली कागदावर उतरवायला बसतात आणि तासाभरात खोडरबराचा चुरा झटकत बसतात. ठिपका तर काढला होता, मग बिघडलं कुठे? पर्स्पेक्टिव्हबद्दलचे, म्हणजे यथार्थदर्शनाबद्दलचे, बहुतेक गैरसमज त्या ठिपक्यापाशीच सापडतात.

‘मनातली खोली आहे, तिला मापं कशाला?’

खरी खोली समोर असली की ती तुमची चूक पकडते. खिडकी वर सरकली असेल तर मान वर करून पाहिलं की कळतं. नसलेली खोली मुकाट बसते, तुम्ही काढाल ते खपवून घेते. म्हणून मापं तिलाच जास्त लागतात.

एक माजघर घेऊ. १२ फूट रुंद, १० फूट उंच, १५ फूट खोल. (मराठीत खोली म्हणजे रूमही आणि डेप्थही. वर्गात यावरून रोज गोंधळ होतो, पण मला ती भाषेची हुशारीच वाटते.) खाली शहाबादी फरशी, वर तुळया, मध्ये झोपाळा, उजव्या भिंतीला लागून माळ्यावर जाणारा लाकडी जिना. कागद पाव इम्पिरियल, प्रमाण एका फुटाला २ सेंटिमीटर. म्हणजे पुढची चौकट २४ बाय २० सेंटिमीटर झाली. मागची भिंत केवढी काढायची?

इथे सगळे अंदाजाने मध्ये एक चौकोन टाकतात, तेव्हाच चित्र फसतं. खरं तर यात अंदाजाचं काही नाही, तुम्ही कुठे उभे आहात तेवढंच ठरवायचं. चौकटीपासून १५ फुटांवर उभे असाल तर मागची भिंत ३० फुटांवर, म्हणजे दुप्पट लांब. ती बरोबर निम्मी दिसणार, १२ बाय १० सेंटिमीटर. तेच ५ फुटांवर उभे राहिलात तर भिंत २० फुटांवर, म्हणजे चौपट लांब. मग ती ६ बाय ५ सेंटिमीटरची आणि माजघराचा बोगदा. मापं तीच, तुळयाही त्याच, फक्त पाय हलले.

‘पण १५ फुटांवर म्हणजे खोलीच्या बाहेर, मध्ये भिंत नाही का?’ असं कुणीतरी विचारतंच. भिंत आहे, ती काढून टाकायची. नाटकात दिवाणखान्याची एक भिंत नसते आणि आपण त्याच बाजूने बघत असतो, याची कुणाला कधी अडचण झालेली नाही.

‘खोलीत क्षितिज कुठून येणार?’

क्षितिजरेषा म्हटलं की समुद्र आणि मावळता सूर्य डोळ्यांपुढे येतो. खोलीत ती असते, फक्त भिंतींनी झाकलेली असते. बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी पातळी म्हणजेच क्षितिजरेषा. तुम्ही बसलात की ती खाली येते.

आपल्या माजघरासमोर १५ फुटांवर उभं राहून डोळा ५ फूट उंचीवर धरला तर पुढच्या चौकटीपासून मागच्या भिंतीपर्यंत फरशीचा पट्टा ५ सेंटिमीटर उंच दिसेल आणि छताचाही तेवढाच. आता पाटावर बसा. डोळा अडीच फुटांवर आला. फरशी अडीच सेंटिमीटरची चिंचोळी पट्टी झाली, छत साडेसात सेंटिमीटरचं, आणि तुळया अंगावर आल्यासारख्या दिसायला लागल्या. झोपाळ्याची फळी दीड फुटावर आहे, तिची वरची बाजू अजून थोडी दिसते. पण कोपऱ्यातलं अडीच फुटी टेबल बघा. त्याचा पृष्ठभाग नाहीसा होऊन नुसती एक रेघ उरली. ही रेघ काढायला हात धजावत नाही. टेबलावर तांब्या ठेवायचाय म्हणून मुलं पृष्ठभाग चोरून थोडा उघडा करतात आणि सगळं टेबल पुढे सांडतं.

‘एका खोलीला एक लोपबिंदू’

लोपबिंदू म्हणजे तो सुरुवातीचा ठिपका, दूर जाणाऱ्या रेषा मिळतात ती जागा. एका दिशेने जाणाऱ्या समांतर रेषांना एक लोपबिंदू, हा खरा नियम. आपल्याकडून मागच्या भिंतीकडे जाणाऱ्या सगळ्या रेषांचा तो समाईक असतो. फरशीवर पाट तिरका टाकला की त्याला स्वतःचे दोन लोपबिंदू मिळतात, मात्र त्याच क्षितिजरेषेवर. जिन्याची गोष्ट आणखी वेगळी. तो आपल्यापासून दूर जात वर चढत असेल तर त्याच्या कठड्याच्या रेषा मुख्य लोपबिंदूच्या बरोबर वर, क्षितिजाच्याही वर कुठेतरी मिळतात. जिना ४५ अंशांचा असेल तर आपल्या कागदावर हे ठिकाण ३० सेंटिमीटर वर, म्हणजे कागदाच्या बाहेर. कागदाबाहेर गेलेला बिंदू चुकलेला नसतो. टेबलावर चिकटपट्टी लावून तिथे खूण करावी.

‘फरश्या ठरावीक प्रमाणात लहान होत जातात’

हा गैरसमज जवळपास सहाशे वर्षांचा तरी आहे. फ्लॉरेन्सच्या लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या दोनतृतीयांश काढणाऱ्यांचा त्याने समाचार घेतला होता. आपल्या माजघरात डोळा पुन्हा ५ फूट उंचीवर धरून दर तीन फुटांना एक आडवी रेघ काढली, तर पट्ट्या जवळपास १७, १२, ९, ७ आणि ६ मिलिमीटरच्या येतात. प्रमाणात पाहिली तरी पहिली घट मोठी, पुढच्या लहान लहान. ठरावीक प्रमाण यात बसतच नाही.

मग काढायचं कसं? लोपबिंदूपासून क्षितिजरेषेवर ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या त्या १५ फुटांएवढं, डावीकडे गेलं की अंतरबिंदू मिळतो. तोही कागदाबाहेर जातो, म्हणून निम्मं अंतर घ्यावं, १५ सेंटिमीटर. हा बिंदू चौकटीच्या डाव्या कडेबाहेर ३ सेंटिमीटरवर, समासात पडतो. बिंदू निम्म्यावर आणला, तेव्हा मापंही निम्मी करायची. तळरेषेवर डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे दर ३ सेंटिमीटरला खूण करा, म्हणजे दीड फूट. प्रत्येक खूण त्या बिंदूला जोडा. कोपऱ्यातून लोपबिंदूकडे जाणाऱ्या रेषेला ती जिथे छेदेल तिथे फरशीची आडवी रेघ. बरोबर आलं का, हे तपासायला आल्बेर्तीचीच युक्ती पुरते. चौकोनांच्या कोपऱ्यांतून तिरकी पट्टी लावायची. कर्ण सरळ गेला तर फरशी सपाट आहे. वाकला तर पुसा.

‘डोळ्याला दिसतं तसंच हे शास्त्र दाखवतं’

एका डोळ्याला दिसतं तसं, आणि तोही जागेवर खिळलेला असेल तरच. आल्बेर्तीच्या आधी, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. चित्राच्या बाजूने ते मसुराच्या दाण्याएवढं होतं, असं त्याच्या चरित्रकाराने नोंदवलंय. बघणाऱ्याने फळीच्या मागून डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशातलं चित्र बघायचं. डोळा दुसरीकडे जाऊच नये याची ती व्यवस्था होती.

मासाच्चोने १४२७ च्या सुमारास सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर ‘पवित्र त्रैक्य’ रंगवलं. त्यातलं कमानदार छताचं दालन कुठेच बांधलेलं नव्हतं. पण क्षितिजरेषा त्याने समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवली आणि भिंतीला भगदाड पडल्यासारखं वाटायला लागलं. रोमच्या सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोने सपाट कापडावर घुमट रंगवला आणि तो कुठून बघायचा यासाठी जमिनीत खुणेची संगमरवरी चकती आहे. चार पावलं बाजूला झालं की घुमट कलंडतो. आपल्याकडे आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी संगीत नाटकांसाठी पडदे रंगवले. अशा पडद्यावरचे महाल तरी पिटातल्या आणि बाल्कनीतल्या माणसाला सारखेच कसे दिसणार?

‘दिसतं तसंच’ या कल्पनेतूनच आणखी एक समज येतो, की आपल्या जुन्या चित्रकारांना हे ‘जमत नव्हतं’. लघुचित्रात गालिचा वरून दिसतो आणि त्यावरचा माणूस बाजूने, कारण चित्रकाराला गालिच्याची नक्षीही दाखवायची असते आणि माणसाचा चेहराही. त्याने एका जागी उभं राहायला नकार दिला, इतकंच. आजचा आर्किटेक्टही आधी प्लॅन आणि एलिव्हेशनच काढतो.

‘पट्टी-दोरी वापरणारा कलाकार कच्चा’

व्हर्मीरच्या डझनाहून अधिक चित्रांत लोपबिंदूच्या जागी टाचणीचं छिद्र सापडलंय. तिथून खडू लावलेली दोरी ताणून त्याने रेषा उमटवल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे. आपला सुतार फळीवर गेरूची दोरी टण्‌कन सोडतो, तसंच काहीसं.

‘आता हे सगळं कॉम्प्युटर करतो’

रेषा काढतो, हे खरं. पण कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर ठेवायचा, ते तो तुम्हालाच विचारतो. चित्राच्या कडा डोळ्याशी साधारण ६० अंशांच्या आत राहतील एवढं मागे उभं राहावं, असा जुना ठोकताळा आहे. आपले १५ फूट त्यात बसतात, ५ फूट बसत नाहीत. कॅमेरा जवळ आणून कोन वाढवला की जवळचं फुगतं, मागची भिंत दूर पळते आणि दहा बाय दहाची बेडरूम ब्रोशरमध्ये हॉलएवढी होते. पुढच्या वेळी फ्लॅटचं असं चित्र हातात आलं, तर आधी कोपऱ्यात टांगलेला गोल दिवा शोधा. तो अंड्यासारखा लांबट झालेला असेल.