मुके रुग्ण (भाग ९) : पाठीवरचा हात

लंगडणाऱ्या जनावराबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलं, तेव्हा पाठीचा विषय मुद्दाम राखून ठेवला होता. पाय दुखला तर जनावर तो टेकवत नाही, आपल्याला लगेच दिसतं. पाठ दुखली तर ते काय उचलून धरणार? घोडा खरारा करताना अंग चोरतो, तंग आवळायला गेलं की कान मागे पाडून चावायला धावतो, मांड टाकताच पाठ खाली घालतो. कुत्रा जिन्याच्या पहिल्या पायरीशी अडतो. हाक मारली तर नुसती मान न वळवता अख्खं अंग वळवतो. मांजर कपाटावर उडी मारणं सोडते आणि कमरेपर्यंत मान नेऊन चाटणं बंद करते, मग तिथल्या केसांच्या गुठळ्या होतात. आपण म्हणतो, घोडा खोडसाळ आहे, कुत्रा आळशी झाला, मांजर म्हातारी झाली. घोड्याच्या वाट्याला तर वर चाबूकही येतो.

अमेरिकेत आणि युरोपात अशा जनावरांवर कायरोप्रॅक्टिक पद्धतीने उपचार करून घेणारे बरेच आहेत. उपचार करणारा आधी बोटांनी एकेक मणका चाचपतो. कुठला स्नायू ताठरला आहे, कुठला सांधा एका बाजूला कमी हलतो, हे बघतो. मग नेमक्या त्या सांध्यावर हाताचा मनगटाजवळचा भाग टेकवून झटकन दाब देतो. दाबाचा वेग जास्त, अंतर मात्र अगदी थोडं. घोड्याच्या पाठीवर हात नीट पोचावा म्हणून तो बहुधा गवताच्या गठ्ठ्यावर उभा राहतो.

या पद्धतीचा उगम माणसांच्या उपचारात आहे. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागल्याचा दावा केला. जागेवरून सरकलेला मणका मज्जातंतू दाबतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, असं पामर मानत. हे म्हणणं विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेलं नाही. आजचे जाणते उपचारक ‘मणका सरकला’ असं म्हणत नाहीत, ‘सांध्याची हालचाल अडली’ असं म्हणतात. हा फरक फार मोठा आहे, कारण हालचाल मोजता येते. जनावरांपुरतं बोलायचं तर पशुवैद्य शॅरन विलोबी यांनी प्रशिक्षणाची घडी बसवली आणि १९८९ मध्ये अमेरिकन व्हेटर्नरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन उभी राहिली.

पण सगळ्या जनावरांची पाठ एकसारखी नसते. घोड्याच्या छातीच्या भागात १८ मणके आणि कमरेत ६. ही पाठ बरीचशी ताठ असते, म्हणून तर ती स्वार पेलते. कुत्र्याचे आणि मांजराचे मणके मोजले तर आकडे तेच येतात, छातीत १३ आणि कमरेत ७. मात्र मांजराची पाठ कमालीची लवचीक. पळताना ती धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. तेव्हा घोड्यावर जे सिद्ध झालं ते मांजरालाही लागू, असं धरून चालता येत नाही.

घोड्यांच्या बाबतीत थोडा पुरावा आहे आणि तो मी गांभीर्याने घेतो. पशुवैद्य आणि कायरोप्रॅक्टर अशा दोन्ही पदव्या असलेले केविन हॉसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ३८ घोड्यांच्या पाठीवर दाबमापकाने दाब देत नेला आणि घोडा किती दाबाला अंग काढून घेतो ते नोंदलं. सात दिवसांनी कायरोप्रॅक्टिक केलेल्या गटाची सहनशक्ती २७ टक्क्यांनी वाढलेली होती, मालिशच्या गटाची १२ टक्क्यांनी आणि फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलेल्या गटाची ८ टक्क्यांनी. काहीच उपचार न केलेल्या घोड्यांत एक टक्काही फरक नव्हता. आकडे बोलके आहेत, पण या घोड्यांना पाठदुखीची तक्रार नव्हती आणि ३८ घोडे पाच गटांत वाटलेले होते. खरोखर आजारी पाठ यामुळे बरी होते, असं यातून सिद्ध होत नाही. तरीही स्पर्धेच्या घोड्यांचे मालक इकडे का वळतात, हे समजू शकतं. अश्वक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेच्या वेळी घोड्याच्या अंगात असं वेदनाशामक चालत नाही. हाताचा उपचार चालतो.

कुत्र्यांवरचं संशोधन याहून तोकडं आणि मांजरांवरचं जवळजवळ नाहीच. तिथे मालकाच्या डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि खरी अडचण तीच आहे. मिनेसोटातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सांधेदुखीने लंगडणाऱ्या अशा कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, ज्यांना औषध म्हणून नुसतीच निष्क्रिय गोळी दिली होती. पाय किती जोराने टेकतो हे मोजणाऱ्या पट्टीवर सुधारणा दिसत नव्हती, तरी बऱ्याच मालकांना कुत्रा बरा वाटला. पशुवैद्यांनाही वाटला. आपल्या जिवाचं दुखणं कमी व्हावं ही आस इतकी प्रबळ असते की ती नजरेत उतरते. ‘कट्ट’ आवाजाचंही तसंच. आवाज आला म्हणजे हाड बसलं, असं नव्हे. अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोट मोडतानाचं एमआरआय चित्रण केलं, तेव्हा सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. तसा आवाज निरोगी सांध्यातही येतो.

म्हणून पहिला हात निदान करणाऱ्या पशुवैद्याचा हवा, असा माझा आग्रह आहे. उपचाराचा हात त्यानंतर. डॅशहंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली चकती लहान वयातच कडक होते आणि फुटून मज्जारज्जूवर दाबते. मागचे पाय एकमेकांत अडकू लागले, पंजा उलटा पडू लागला, लघवी अडली, तर तासही मोलाचे असतात. अशा पाठीवर झटका देणं म्हणजे उरलेली चालही घालवणं. पॉमेरेनियन, चिवावा अशा चिमुकल्या जातींत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा जन्मतःच सैल असू शकतो. त्यांच्या मानेला असा झटका प्राणघातक ठरू शकतो.

मांजर एकाएकी ओरडू लागली, मागचे पाय लुळे पडले आणि हाताला गार लागले, तर ते पाठीचं दुखणं नसण्याचीच शक्यता जास्त. बहुधा हृदयविकारातून तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या फाट्यावर अडकलेली असते. तिला त्याच क्षणी दवाखान्यात न्यायला हवं. आणि दुखतंय म्हणून घरातलं पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांना दिला आहे. ब्रिटनमध्येही जनावरांच्या सांध्यांवर हाताने उपचार करायचे तर पशुवैद्याची संमती लागते. तेव्हा कुणी ‘मणका बसवतो’ म्हणून पुढे आला, तर आधी कुठल्या पशुवैद्याने तपासलं आणि क्ष-किरण चित्र कुठे आहे, हे विचारा. नुसत्या त्या चित्रावरही विसंबू नये. घोड्याच्या मणक्यांचे वरचे काटे एकमेकांना टेकलेले दिसले, तरी अशा अनेक घोड्यांना वेदना नसते.

घोड्यापुरतं तर उपचाराआधी खोगीर तपासावं. २००८ मध्येच ओहायोत झालेल्या एका अभ्यासात घोड्यांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं ठेवून पाहिलं. २५ टक्क्यांपासून पुढे स्नायू दुखावल्याच्या खुणा ठळक दिसू लागल्या. माथेरानच्या चढउतारावर पर्यटक वाहणारा घोडा ३०० किलोचा धरला, तर २० टक्क्यांवर, म्हणजे खोगीरासकट ६० किलोच्या आसपासच थांबायला हवं. त्याला ८५ किलोचा माणूस आणि एकाच जागी रुतणारं खोगीर रोज सोसावं लागत असेल, तर पाठीवर हात कितीही कुशल पडो, दुखणं दुसऱ्या दिवशी परत येणार.

कधी पाठीच्या दुखण्याचं मूळ पार खाली, खुरात असतं. खूर पुढे लांब वाढला, नाल वेळेवर बदलली नाही, की घोडा पाऊल वेगळं टाकू लागतो आणि ताण वर पाठीपर्यंत चढतो. पुढच्या आठवड्यात नालबंदाच्या कामाकडे वळू.