तंग, बक्कल आणि दोन बोटे

गेल्या सत्रात रायडिंगच्या तासाला माझ्या हातून एक चूक झाली. ज्युनियरसाठी घोडा तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. मी तंग आवळला, बक्कल लावले आणि 'रेडी' म्हणून मोकळा झालो. घोडा दुडक्या चालीवर येताच खोगीर एका बाजूला फिरले आणि सातवीतला तो मुलगा खाली पडला. त्याच्या मनगटाला प्लास्टर घालावे लागले. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "काटा भोकात बसला होता का, पाहिलंस?" मी पाहिले नव्हते.

त्यानंतरच्या सुट्टीत मी कोलकात्याला घरी गेलो. वडिलांचे पोस्टिंग तिथल्या फोर्ट विल्यममध्ये आहे. या किल्ल्याला आता आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून 'विजय दुर्ग' हे नाव मिळाले आहे. किल्ल्यासमोरच्या मैदानावर कोलकाता पोलिसांचे घोडदळ गस्त घालते. हे दल १८४० पासूनचे. पूर्वी जहाज दिसल्याची वर्दी हे सवार बंदरावर पोहोचवत. आता ते फुटबॉल सामन्यांची गर्दी आवरतात. एका सकाळी मी पाहिले, एका सवाराने बसण्यापूर्वी तंगाखाली दोन बोटे घालून पाहिली, घोडा थोडा चालवला आणि पुन्हा बोटे घातली. इतका मुरलेला माणूस दोनदा तपासतो, आणि मी एकदाही नाही! म्हणून हा लेख.

बक्कलाला चौकट, मागची दांडी आणि दांडीवर फिरणारा काटा असे तीन भाग असतात. पट्ट्याचे टोक चौकटीच्या खालून वर आणायचे, काटा भोकात घालायचा आणि काट्याचे टोक चौकटीच्या पुढच्या कडेवर टेकवायचे. पट्ट्यावर ताण आला की काटा चौकटीवर आणखी दाबला जातो. म्हणजे ओढ जितकी जास्त, तितकी पकड पक्की. म्हणूनच बक्कल सोडताना पट्टा आधी थोडा आणखी ओढावा लागतो. मात्र काटा भोकात न जाता नुसता चामड्यावर टेकला, तर घोडा उभा असेपर्यंत पट्टा धरून राहतो आणि पळू लागला की सरकतो. माझे नेमके हेच झाले होते.

खोगिराच्या प्रत्येक बाजूला तंगासाठी बहुधा तीन पट्टे असतात आणि तंगाला दोन बक्कले. पहिला पट्टा वेगळ्या नवारीला शिवलेला असतो, दुसरा आणि तिसरा एकाच नवारीला. म्हणून एक बक्कल पहिल्या पट्ट्याला आणि दुसरे उरलेल्या दोहोंपैकी एकाला लावावे. एक नवार तुटली तरी दुसरी खोगीर धरून ठेवते. दुसरा आणि तिसरा मिळून कधीही वापरू नये.

तंग एकदम करकचून आवळू नये, एकेक भोक पुढे घ्यावे. आवळताना काही घोडे पोट फुगवतात आणि चालू लागले की तंग सैल पडतो. म्हणून बसण्यापूर्वी, घोडा थोडा चालवून झाल्यावर, पुन्हा तपासावे. दोन बोटे जेमतेम जातील इतका तंग बरोबर.

तीन जागा रोज पाहाव्यात: दांडीभोवती पट्टा दुमडून शिवलेला असतो ती शिलाई, लांबट झालेली भोके आणि वाकलेला किंवा गंजलेला काटा. पट्टा वाकवल्यावर चामड्यावर भेगा दिसल्या तर तो बाजूला काढावा. कोलकात्याच्या दमट हवेत चामड्याला बुरशी येते आणि पितळी बक्कलावर हिरवट थर चढतो. आपल्याकडेही पावसाळ्यात तेच होते. घाम पुसून, खोगिराचा साबण लावून पट्टे सावलीत वाळवावेत. उन्हात चामडे कडक होऊन तडकते.

तो मुलगा आता पुन्हा रायडिंगला येतो. मी घोडा तयार करून दिला तरी तो आधी खोगिराची झडप उचलून काटे पाहतो, मग तंगाखाली स्वतःची दोन बोटे घालतो. मला राग येत नाही. तुम्हीही तसेच करा, घोडा कोणीही तयार केलेला असो.