वन्संची ट्रंक

दिवाळीची आवराआवर म्हणजे माळा आलाच! यंदा माळ्यावरून वन्संची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वन्सं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजला हे सामान नको होतं, म्हणून ते आमच्याकडे आलं. आत वह्या, काचपट्ट्या आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या रंगीत फोटोंच्या स्लाइड्स.

"देऊन टाक गं रद्दीत. कोण बघतंय आता?" वन्सं म्हणाल्या.

एका वहीवर मोठ्या अक्षरात 'ईसाव' लिहिलेलं. हे कोण, म्हणून विचारलं, तर वन्सं खुलल्या. "आमच्या पुस्तकाच्या लेखिका. नुसतं ईसाव-ईसाव करायचो. त्या बाई आहेत, हे फार उशिरा कळलं!"

मी पडले आर्ट्सवाली, पण या बाईंची माहिती काढलीच. कॅथरिन ईसाव. जन्म १८९८, युक्रेनमधला. क्रांतीच्या धामधुमीत घर सोडून आधी जर्मनी, मग १९२२ मध्ये अमेरिका. तिथे सुरुवातीला काम काय, तर लोकांच्या घरी घरकाम! (हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.) पुढे साखरेच्या बीटाचं बियाणं तयार करणाऱ्या कंपनीत लागल्या. बीटावर तुडतुड्यांमुळे पसरणारा, पानं गुंडाळणारा रोग होता. तो झाडाच्या आत कसा फिरतो हे शोधायला त्यांनी रोगट बीटाचे कागदाहून पातळ काप काढले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पानात तयार झालेलं अन्न ज्या नळ्यांमधून झाडभर जातं, त्याच वाटेने रोगही जातो, हे त्यातून उलगडत गेलं. १९५३ मध्ये त्यांचं 'प्लँट अॅनाटॉमी' आलं, तेच वन्संचं पुस्तक. आपल्याकडे लोक निवृत्त होतात त्या वयात, १९६३ मध्ये, त्या सांता बार्बाराला गेल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करत राहिल्या. १९८९ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालं, तेव्हा वय ९१! १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या काचपट्ट्या, फोटो, कागदपत्रं तिथल्या विद्यापीठाने जपून ठेवली आहेत.

हे सगळं वन्संना वाचून दाखवलं. त्या गप्पच. मग म्हणाल्या, "त्यांच्या पट्ट्यांवर नावं असतील गं. माझ्या निम्म्या कोऱ्या आहेत. काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे, हे लिहिलेलं नसेल तर ती नुसती काच."

आणि ते माहीत असणारं माणूस एकच. वय ७८, हल्ली सकाळचं संध्याकाळी आठवत नाही.

रद्दीवाल्याला परत पाठवलं. आता रोज दुपारी, चहाच्या आधी, आम्ही दोघी खिडकीशी बसतो. बऱ्याच स्लाइड्सना बुरशी लागली आहे, त्या बाजूला काढतो. उरलेली एकेक त्या उजेडात धरतात, सांगतात, मी पेन्सिलीने चौकटीवर लिहिते. काल ८ झाल्या. नववी बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या.

"आंबोली. पाऊस होता. साल... थांब हं, सांगते."

मी पेन्सिल धरून थांबले.